कमरेला पिस्तूल लावून धावणाऱ्या ताई

पोह्यांच्या ताटलीशेजारी पिस्तूल ठेवलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, ते ताईंच्या स्वयंपाकघरात. रविवारची सकाळ होती. पोह्यांवर तर्री होती, ताई लिंबाच्या फोडी करत होत्या, आणि मिठाच्या बरणीला टेकून एक काळं, तळहातात मावेल एवढं पिस्तूल पडलेलं होतं. मी चमचा हातात धरून नुसती बसले.

"घे न. थंडे होऊन राहिले पोहे," ताई म्हणाल्या.

"ताई, हे काय आहे?"

"पिस्तूल आहे."

"खरं?"

"आल्झो, म्हणजे, खरं आहे, पण तसं खरं नाही." त्यांनी सुरी खाली ठेवली आणि प्रयोगशाळेत आलेल्या नव्या माणसाला समजावतात तसं मला समजावलं. याच्यातून गोळी सुटत नाही, नुसता मोठा बार होतो. जर्मनीत अशी पिस्तुलं दुकानात मिळतात, सज्ञान माणूस असला की झालं. घरात ठेवायला काही लागत नाही. अंगावर बाळगून बाहेर पडायचं तर परवाना लागतो, आणि तो त्यांनी रीतसर काढला होता. धावायला जाताना त्या ते कमरेच्या पट्ट्यात ठेवायच्या. सोमवारपासून मी त्यांच्यासोबत धावायला जाणार होते. वाटेत एकदम दिसलं तर मी दचकेन, म्हणून त्यांनी ते आधीच टेबलावर आणून ठेवलं होतं, घरातल्या माणसाची ओळख करून द्यावी तसं.

"पण हे बघून कुणालाही खरंच वाटेल," मी म्हणाले.

"तेच तर," ताई म्हणाल्या आणि माझ्या पोह्यांवर लिंबू पिळलं.

'तेच तर' म्हणजे ते चांगलं की वाईट, हे मला तेव्हा कळलं नाही. ताईंच्या बाबतीत मला न कळलेल्या गोष्टींची ती सुरुवात होती.

मी पुण्याहून लुडविग्सहाफेनला आले ती रसायनांच्या एका कंपनीत, पाइप आणि पंपांच्या कामावर. ताई दुसऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत होत्या, माझ्या येण्याच्या कितीतरी आधीपासून. मूळच्या नागपूरच्या. पन्नाशीला टेकलेल्या, ठेंगण्या, केस कानापर्यंत कापलेले, जाड काचांचा चष्मा. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी वेगळा झालेला, मुलगी दुसऱ्या शहरात शिकत होती. इमारत आमची एकच, त्या वरच्या मजल्यावर, मी खालच्या. जिन्यात मी आईशी फोनवर बोलत होते ते त्यांनी ऐकलं आणि त्याच संध्याकाळी वरणभाताचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. "मराठी आहे न तू? मंग सांगायचं न." डबा परत द्यायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, मी सकाळी उठून काय करते. मी म्हणाले, उठतच नाही. त्यावर त्यांनी ठरवूनच टाकलं की सोमवारपासून उठायचं.

त्यांच्या धावण्याला धावणं म्हणायचं का, हा प्रश्न होताच. पाय उचलले जायचे, हात हलायचे, श्वास लागायचा, पण माणूस पुढे फारसा जायचा नाही. कुत्री फिरवणारे म्हातारे आम्हाला मागे टाकून जायचे. डोक्याला नागपूरहून आणलेली माकडटोपी, अंगात मुलीचं जुनं जॅकेट, आणि कमरेला तो पट्टा. त्यात फोन, किल्ल्या, शेंगदाण्याची चिक्की आणि पिस्तूल. किल्ल्या पिस्तुलावर आपटायच्या आणि पाऊल पडेल तसा खळ्‌ खळ्‌ आवाज यायचा. आमची वाट ऱ्हाइनच्या काठाकाठाने, उंच झाडांखालून जायची. पलीकडून मालाच्या लांबलचक बोटी जायच्या. हिवाळ्यात त्या वेळी अंधारच असायचा, पाण्यावर धुकं असायचं, आणि त्या धुक्यात माझ्या पुढे कमरेत खळखळ करत ताई चाललेल्या असायच्या.

वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला त्या "मॉर्गेन", म्हणजे सुप्रभात, म्हणायच्या. समोरच्याने उत्तर दिलं नाही तर थांबायच्या, मागे वळायच्या आणि पुन्हा म्हणायच्या, जरा मोठ्याने. तरी नाहीच दिलं तर त्याच्या मागे चार पावलं जायच्या. एकदा एक उंच तरुण कानात गाणी लावून निघाला होता. ताई त्याच्या बाजूला जाऊन धावायला लागल्या आणि तो बघेपर्यंत हात हलवत राहिल्या. बिचाऱ्याने कानातलं काढून "मॉर्गेन" म्हटलं तेव्हा कुठे त्या परत आल्या.

"ताई, तुम्हाला माणसांची भीती वाटते म्हणून हे पिस्तूल आहे ना?" मी विचारलं.

"हो मंग."

"मग तुम्ही त्यांच्या मागे का जाता?"

"बोलला की माणूस कळते. न बोलणाऱ्याचीच भीती," त्या म्हणाल्या. मला हे पटलं. पण दुसऱ्या दिवशी एक माणूस हसून, थांबून, हवापाण्याच्या चार गोष्टी बोलून गेला, तर ताई मला म्हणाल्या, "याच्यापासून सांभाळून राहा. लय बोलते."

घरातल्या ताई आणखी वेगळ्या. उन्हाळ्याच्या शेवटी बाल्कनीत गांधीलमाशा यायच्या. सगळी इमारत त्यांच्यामागे वर्तमानपत्र घेऊन धावायची. ताई मात्र पेला उपडा घालून, खाली पुठ्ठा सरकवून माशी बाहेर सोडायच्या आणि ती उडून जाईपर्यंत कठड्याशी उभ्या राहायच्या. एका टोकाला त्यांनी बशीत जॅम ठेवलेला असायचा, म्हणजे माशांना आत यायचं कारण उरू नये. पौर्णिमेला त्यांच्याकडे बुद्धवंदना असायची. फ्रँकफुर्टकडची, मानहाइमची चारदोन मराठी कुटुंबं यायची. ताई पांढरी साडी नेसून पंचशील म्हणायच्या. आवाज मोकळा, स्पष्ट. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचं शील सगळ्यात आधी येतं, आणि मी मागे बसून दाराजवळच्या खुंटीला लटकलेल्या पट्ट्याकडे बघत असायचे.

एकदा सगळे गेल्यावर मी विचारलंच. त्यांना राग आला नाही. खीर वाटीत काढत त्या म्हणाल्या, "मारायचं नाही असं आहे शील. घाबरवायचं नाही असं कुठं आहे?"

मी खीर संपवून खाली आले. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात त्या माझी वाट बघत उभ्या होत्या. डोळे तारवटलेले. "मी रात्रभर विचार केला," त्या म्हणाल्या. "मी काल चुकीचं बोलली. घाबरवणं पण हिंसाच आहे." आणि पट्ट्याची कडी लावून धावायला निघाल्या. खळ्‌ खळ्‌.

हे पिस्तूल त्यांनी घेतलंच का, हे मी त्यांना कितीदा तरी विचारलं. दरवेळी त्यांनी उत्तर दिलं, आणि दरवेळी वेगळं दिलं.

पहिल्यांदा म्हणाल्या, कुत्र्यांसाठी. इथली कुत्री मोठी, मालक म्हणतात काही करत नाही, पण कुत्र्याने तसं कुठे सांगितलेलं असतं. मग एकदा म्हणाल्या, फाल्झच्या जंगलात फिरायला गेल्या असताना रानडुक्कर समोर आलं होतं. नंतर एकदा ट्रामच्या थांब्याजवळच्या भुयारी रस्त्यात एक माणूस त्यांच्या मागे मागे आला होता. "मंग?" मी श्वास रोखून विचारलं. "मंग काय, त्याला पण तीच ट्राम पकडायची होती. माझ्या बाजूला येऊन बसला. डिंग्सवर बोलला, ते आपलं, भाड्यावर." म्हणजे त्या माणसामुळे पिस्तूल घेतलं की त्याच्यामुळे घ्यायचं कारण उरलं नाही, हे मी विचारायचं सोडून दिलं.

एका सकाळी मात्र त्यांनी न विचारता सांगितलं. आम्ही दमून बाकावर बसलो होतो. त्यांची आई गावात मास्तरीण होती. वस्ती गावाबाहेर, शाळा पार दुसऱ्या टोकाला, आणि मधली वाट अशा घरांवरून जायची ज्यांना हिने हातात पुस्तकं घेऊन तिथून जावं हे आवडायचं नाही. आई ओच्यात तिखटाची पुरचुंडी ठेवायची. कुणी अंगावर आलं तर डोळ्यांत फेकायला.

"कधी फेकलं?"

"नाही. एकदा शाळेत पोरांच्या खिचडीत तिखट कमी पडलं, तेव्हा सोडली तिनं पुरचुंडी." ताई हसल्या. "रोज नवं तिखट भरायची. म्हणायची, जुनं झालं की झोंबत नाही."

मला वाटलं, हे आहे खरं कारण. आता कळलं. त्या दिवशी मी कामावरही तेच डोक्यात घेऊन होते. पण आठवड्याभरात त्या एका पाहुणीला सांगताना मी ऐकलं की पिस्तूल रानडुकरासाठी आहे.

कुत्र्याचा प्रसंगही घडला. एक भला मोठा, करड्या रंगाचा कुत्रा पट्टा सोडवून आमच्यावर धावून आला. मी किंचाळून झाडामागे गेले. ताई जागच्या जागी उकिडव्या बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि कुत्र्याशी अस्सल नागपुरी मराठीत बोलायला लागल्या. "काहून भुंकून राहिला रे बाबा? कोणी काय केलं तुला?" कुत्रा थांबला. त्यांच्या माकडटोपीचा वास घेतला. मालकीण धापा टाकत येईपर्यंत तो त्यांच्या पायाशी बसलेला होता आणि ताई त्याला चिक्की द्यावी की नाही या विचारात होत्या.

"ताई, पिस्तूल," मी म्हणाले. "ते याच्यासाठीच होतं ना?"

"एवढ्या जवळून? त्याचे कान गेले असते," ताई म्हणाल्या. माझ्याच डोक्यात काही बिघाड आहे अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पिस्तूल त्यांनी वापरलं ते एकदाच, आणि तेही ज्या कशासाठी घेतलं असेल त्यासाठी नाही.

फेब्रुवारीतली सकाळ होती. उजाडलं होतं, पण धुकं इतकं की पलीकडचा काठ दिसत नव्हता. पाण्यावर कुठेतरी वल्ही मारण्याचा सराव चालला होता. पुढे एक मोटरबोट घरघरत गेली, त्यात शिकवणारा माणूस उभा होता. तिच्यामागून एक अरुंद, सुरीच्या पात्यासारखी होडी गेली, त्यात एकटाच वल्हवणारा. होडी आमच्यासमोरून पुढे सरकली आणि उलटली. आवाज फार झाला नाही, नुसतं डबकन झालं. माणूस वर आला, उलट्या होडीला धरून राहिला आणि ओरडायला लागला. मोटरबोट तशीच पुढे निघून गेली. तिच्या घरघरीत शिकवणाऱ्याला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं.

पाणी बर्फासारखं होतं. होडी हळूहळू मोठ्या प्रवाहाकडे वाहत चालली होती, जिथून मालाच्या बोटी जातात. मी फोन काढून मदतीचा नंबर लावला, पण पलीकडची बाई नेमकी जागा विचारत होती आणि मला जर्मन आठवेना. ताई काठावर उभ्या राहून हाका मारत होत्या. धुक्यात हाक दोन झाडांपलीकडेही जात नव्हती. मग त्या थांबल्या. पट्ट्याची चेन उघडली, पिस्तूल काढलं, हात सरळ वर केला, मान खाली घातली, डोळे घट्ट मिटले आणि बार काढला.

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. झाडांवरचे सगळे पक्षी एकदम उडाले. ताईंनी परत बार काढला, आणि परत. मग एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत मला कळलं की मोटरबोटीची घरघर थांबली आहे. शिकवणाऱ्याने इंजिन बंद केलं होतं. आता त्याला ओरडणं ऐकू गेलं. बोट वळली. त्याने त्या माणसाला काखेत धरून वर ओढलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते.

ताई पिस्तूल हातात धरून तशाच उभ्या होत्या. मोटरबोट काठाला लागत होती आणि आमच्या मागे कुणीतरी किंचाळलं. धुक्यातून आलेल्या कुणाला होडी दिसली नव्हती, फक्त काठावर उभी राहून गोळीबार करणारी माकडटोपीतली बाई दिसली होती.

पोलीस फार लवकर आले. दोन गाड्या. "हत्यार खाली, हात वर," असं कुणीतरी ओरडलं आणि मी वळून पाहिलं तर आमच्यावर पिस्तुलं रोखलेली होती, खरी. मी हात वर केले. ताईंनी पिस्तूल गवतावर ठेवलं, टेबलावर ताटली ठेवावी तसं सावकाश, आणि ओल्या गवतात गुडघ्यांवर बसल्या. समोर एक तरुण पोलीसबाई होती. तिने पिस्तूल दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. तिचं बोट कुठे आहे याकडे मी बघत होते आणि दुसरं काही माझ्या डोक्यात येत नव्हतं. तिकडे भिजलेला माणूस चंदेरी ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला, दात वाजत असताना काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. त्याला म्हणायचं होतं की या बाईने मला वाचवलं, पण थंडीने त्याच्या तोंडातून एकही शब्द पुरा निघत नव्हता. पोलिसांना बहुधा वाटलं की गोळी त्यालाच लागली आहे.

शेवटी शिकवणाऱ्या माणसाने सगळं सांगितलं. पोलिसांनी ताईंना उठवलं. त्यांची पॅंट गुडघ्यांवर चिखलाने काळी झाली होती. पिस्तूल पिशवीत घालून ते घेऊन गेले. ताई माझ्यासोबत घरी आल्या. जिन्यात म्हणाल्या, "ती पोरगी माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती. तिला कोणी चहा तरी द्यायला पाहिजे होता." आणि मग स्वतःच पायरीवर बसल्या. त्यांना वर चढता येईना. मी शेजारी बसले. त्या गुडघ्यांवरचा चिखल नखाने खरवडत राहिल्या.

पुढे चौकशी झाली. गुन्हा काही ठरला नाही, जीव वाचवायला बार काढला हे सगळ्यांनी मान्य केलं. पण परवाना ज्या आम्टने दिला होता, त्या कार्यालयाला ताईंशी बोलायचं होतं. मी सोबत गेले. समोर एक सडपातळ, थकलेला साहेब होता. मी पाहिलेलं सांगितलं, त्याने टिपून घेतलं, आणि मला बसू दिलं. मग त्याने ताईंना विचारलं, "तुम्ही स्वसंरक्षणासाठी परवाना घेतला. कुणापासून संरक्षण?"

मी मनात म्हटलं, आता कुत्रा येतो की डुक्कर बघू.

ताईंनी चष्मा काढून पुसला. मग जर्मनमध्ये म्हणाल्या, "खूप वर्षांपूर्वी, एका सकाळी, मी याच वाटेवरून धावत होते. झुडपांच्या मागून कुणीतरी मदतीला हाक मारली. बाईचा आवाज होता. मी थांबले नाही. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. नंतर किती दिवस पेपरात शोधत होते, काही आलं नाही. कोण होती, तिचं काय झालं, मला माहीत नाही. पुन्हा कुणी हाक मारली तर मला थांबता यावं, म्हणून मी हे घेतलं. दुसऱ्यांनी पळावं म्हणून नाही. मी पळू नये म्हणून."

साहेबाने पेन खाली ठेवलं. तो एवढंच म्हणाला की पिस्तूल त्यांना परत मिळेल.

"नको," ताई म्हणाल्या. "तुमच्याकडेच राहू द्या."

बाहेर पडल्यावर माझे डोळे भरून आले होते. मी म्हणाले, "ताई, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"तू तर कुत्र्याचं विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"मी असं कधी विचारलं?"

"नाही का? मंग जाऊ दे." आणि बस आली म्हणून त्या चालायला लागल्या. ती गोष्ट खरी होती की साहेबाला पटेल म्हणून सांगितली, या विचाराने मी हैराण झाले. बसमध्ये त्यांचा चेहरा मी निरखून पाहत होते. त्या खिडकीतून एका दुकानातल्या पडद्यांचे भाव वाचत होत्या.

काही आठवडे त्या रिकाम्या पट्ट्याने धावल्या. खळखळ नव्हती, तर मला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. त्या काळात त्यांनी कुणाला "मॉर्गेन"ही म्हटलं नाही. मग वसंतातल्या एका सकाळी जिन्यात परत तो आवाज आला.

"दुसरं घेतलं?"

"तेच आहे. मागून आणलं परत."

"पण तुम्हीच नको म्हणालात ना त्यांना?"

"तेव्हा नको होतं," ताई म्हणाल्या, आणि दारातून बाहेर पडताच समोरच्या पोस्टमनला जोरात म्हणाल्या, "मॉर्गेन."

गेल्या वर्षी त्या नागपूरला परत गेल्या. आई फार म्हातारी झाली, तिच्याजवळ कुणी नव्हतं. नोकरी मुदतीआधीच सोडली. पिस्तूल त्यांनी स्वतः जाऊन आम्टमध्ये जमा केलं. घर रिकामं करायला त्यांची मुलगी आली होती. तिला मी त्या आधी एकदोनदाच भेटले होते. उंच, शांत मुलगी, आईसारखाच चष्मा. तिला मराठी सगळं कळायचं, पण ती बोलायची जर्मनमध्ये. आम्ही दोघी रिकाम्या खोलीत जमिनीवर बसून पुस्तकं खोक्यात भरत होतो. आत ताई चहा करत होत्या.

बोलता बोलता मी म्हणाले, "आता नागपुरात धावायला जाताना पिस्तुलाशिवाय कसं वाटेल त्यांना, कोण जाणे."

"आईला धावायला कधीच आवडलं नाही," मुलगी म्हणाली. "तिला दम लागतो. गुडघे दुखतात."

"मग धावायला का लागल्या?"

तिने माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. "पिस्तूल होतं म्हणून. ते आधी आलं. मी लहान होते. कपाटात वरच्या कप्प्यात किती वर्षं पडून होतं. धावायचे बूट तिने मी शिकायला बाहेर पडले तेव्हा घेतले. पिस्तूल घेऊन जायला कुठली तरी जागा हवी होती ना."

मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "पण आम्टमध्ये त्या म्हणाल्या, धावताना हाक ऐकली आणि मग घेतलं."

"कसली हाक?"

मी तिला सांगितलं. तिने हे कधीच ऐकलं नव्हतं. तिला कुत्र्याचं माहीत होतं, आणि कुठल्या तरी चोरांच्या टोळीचं, जे मी ऐकलं नव्हतं. "मला वाटलं, तुला माहीत असेल," ती म्हणाली. "तू रोज तिच्यासोबत असायचीस." मला वाटायचं, मुलीला माहीत असेल.

ताई ट्रे घेऊन आल्या. कप तीन वेगवेगळे, बाकीचे खोक्यात गेले होते. आमचे चेहरे बघून त्या म्हणाल्या, "काय झालं?"

"ताई," मी म्हणाले, "एकदा शेवटचं सांगा. कुत्रा, डुक्कर, ट्रामवाला माणूस, चोर, तुमच्या आईचं तिखट, ती झुडपामागची बाई. यातलं खरं काय?"

त्या खाली बसल्या. गुडघे धरून, सावकाश. "मी खोटं नाही बोलत," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडं दुखावलेपण होतं. "दरवेळी खरंच सांगितलं."

"पण ती बाई धावताना दिसली असं म्हणालात. आणि ही म्हणते, तेव्हा तुम्ही धावतच नव्हता."

"दिसली नाही. ऐकली." ताईंनी चहाचा घोट घेतला. "आणि तेव्हा मी धावत कुठं होती? पळत होती. जर्मनमध्ये दोन्हीला एकच शब्द टाकला मी."

मला समजायला वेळ लागला. "पळत? कशापासून?"

मुलगी एकदम ताठ बसली होती. तिने आईकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं, "बाबा?"

ताई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी मुलीच्या कपात डोकावून पाहिलं. "साय आली पाहा चहावर," त्या म्हणाल्या. "पिऊन घे." मुलीने कप उचलला, पण ओठांना लावला नाही. तिचा दुसरा हात आईच्या गुडघ्यावर होता, आणि तो तिने कधी ठेवला ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मला खूप विचारायचं होतं. त्या सकाळी त्या एकट्या पळत होत्या की लेकराला कडेवर घेऊन? मागे कुणी येत होतं का? आणि झुडपामागून हाक मारणारी ती बाई, ती खरंच कुणी दुसरी होती का? पण खाली सामानाची गाडी आली आणि बेल वाजली. ताई उठल्या, ट्रे उचलला, कप गोळा केले आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. माझा चहा अजून अर्धा होता. तोही त्या घेऊन गेल्या.